हेंड्रिक्सचा आवाज पुन्हा उभा करताना

दर वर्षी १८ सप्टेंबरला सिॲटलजवळच्या रेंटन गावातल्या ग्रीनवुड दफनभूमीत लोक येतात, ग्रॅनाइटच्या घुमटाखाली जिमी हेंड्रिक्सच्या कबरीपाशी थांबतात, फुलं आणि प्लेक्ट्रम ठेवून जातात. १९७० साली याच तारखेला लंडनमध्ये तो गेला. वय २७. सप्टेंबर १९६६मध्ये तो न्यूयॉर्कहून लंडनला आला होता. जग त्याला ज्या कामासाठी ओळखतं, ते जवळजवळ सगळं या दोन सप्टेंबरांच्या मधलं आहे.

त्याच्या चाहत्यांमध्ये आठवण काढायची आणखी एक रीत आहे. सोल्डरिंग आयर्न तापवायची आणि त्याचा आवाज ज्या साखळीतून यायचा ती एकेक कडी करून पुन्हा जोडायची. नुसती त्या नावाची उपकरणं आणून एकामागे एक लावली तर बहुतेकांची निराशा होते, कारण या साखळीतली प्रत्येक कडी मागच्या आणि पुढच्या कडीवर वजन टाकते. गिटारचा आवाज कमी-जास्त करायचं बटणसुद्धा त्यात धरायचं.

सुरुवात गिटारपासून. हेंड्रिक्स डावखुरा होता. उजव्या हाताची फेंडर स्ट्रॅटोकास्टर तो उलटी धरायचा आणि तारा मात्र नेहमीच्या क्रमानं, जाड तार वर, अशा चढवायचा. त्यामुळे ब्रिजजवळचा (तारा ज्या खालच्या टोकाला टेकतात त्याजवळचा) तिरका पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारी गुंडाळी, उलटा तिरका होतो. एरवी त्याचं बारीक तारांकडचं टोक ब्रिजच्या अधिक जवळ असतं. उलट्या गिटारमध्ये ते लांब जातं आणि जाड तारांकडचं टोक जवळ येतं. ब्रिजजवळ तारेच्या वरच्या स्वरांशांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून जाड तारा आवळून, स्पष्ट वाजतात आणि बारीक तारांची धार कमी होऊन त्यांना भरीवपणा येतो. उलट्या हेडस्टॉकमुळे, म्हणजे मानेच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागामुळे, तारांचा ताण बदलतो असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते चूक आहे. ताण ठरतो तो नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि ब्रिज यांच्यामधल्या लांबीवर, तारेच्या जाडीवर आणि स्वरावर. नटच्या पलीकडच्या लांबीनं फरक पडतो तो तार ओढताना: तिथं तार आखूड असेल तर तेवढाच स्वर चढवायला थोडं कमी ढकलावं लागतं. उलट्या गिटारवर सगळ्यात बारीक तारेची ही लांबी सगळ्यात आखूड होते.

ताण खरोखर कमी व्हायचा तो वेगळ्या कारणानं. तो बहुधा गिटार अर्ध्या स्वरानं उतरवून लावायचा. अर्धा स्वर म्हणजे कंपनसंख्येत १.०५९५ पट फरक, आणि ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. हाताला हा फरक लगेच कळतो. स्वतःची गिटार अशी उलटी करायची असेल तर नट बदलावाच लागतो. बारीक तारेच्या खाचेत जाड तार बसत नाही, आणि जाड तारेच्या खाचेत बारीक तार सैल पडून झणझणते.

आता फझ, म्हणजे सूर मुद्दाम फाडून खरखरीत करणारं पेडल. या साखळीतला हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात अवघड भाग. फझ फेस नावाचं गोल पेडल लंडनच्या आर्बिटर कंपनीनं १९६६मध्ये काढलं. आतमध्ये फक्त ११ घटक आहेत: दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर (३३ किलोओहम, १०० किलोओहम, ८.२ किलोओहम आणि ३३० ओहम), तीन कपॅसिटर (२.२, २० आणि ०.०१ मायक्रोफॅरड) आणि दोन पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर, एक फझसाठी १ किलोओहमचा, दुसरा आवाजासाठी ५०० किलोओहमचा. वर ९ व्होल्टची बॅटरी. रेझिस्टर, कपॅसिटर, पॉट हे सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळून जातं. खरी परीक्षा ट्रान्झिस्टरची असते.

ट्रान्झिस्टरला एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन पाय असतात. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून बेसला काही न देताही थोडा प्रवाह वाहत राहतो. त्याला गळती म्हणतात. मल्टिमीटरवरचा गेन (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो तो आकडा) मोजायचा खाचा ही गळतीही गेनमध्येच धरतो, त्यामुळे २०० दाखवणारा ट्रान्झिस्टर प्रत्यक्षात ९०चा असू शकतो. म्हणून मोजणी हातानं करावी. पीएनपी (या फझमधल्या प्रकारच्या) ट्रान्झिस्टरच्या एमिटरला बॅटरीचं धन टोक जोडा, ऋण टोक २.४ किलोओहमच्या रेझिस्टरमधून कलेक्टरला द्या आणि बेस मोकळा ठेवा. रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये ०.२४ व्होल्ट दिसले, तर गळती १०० मायक्रोॲम्पिअर. मग बेसपासून ऋण टोकापर्यंत २.२ मेगाओहमचा रेझिस्टर लावा. बेसमधून साधारण ४ मायक्रोॲम्पिअर वाहू लागतील. नव्या आकड्यातून जुना वजा करा आणि १००नं गुणा. हा झाला खरा गेन. पहिल्या जागी ७० ते ८०चा आणि दुसऱ्या जागी ११० ते १३०चा ट्रान्झिस्टर चांगला बसतो. गळती १०० मायक्रोॲम्पिअरपर्यंत असेल तर चालते, ३००च्या पुढचा बाजूला ठेवावा.

मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नका. धरलात तर काय होतं ते एकदा मुद्दाम बघण्यासारखं आहे. धातूच्या टोपीवर बोट टेकवलं की मीटरवरचा आकडा ०.२४, ०.२६, ०.३० असा चढत जातो आणि बोट काढल्यावर सावकाश खाली येतो. दर १० अंश सेल्सिअसला गळती साधारण दुप्पट होते. फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरमधून सगळा मिळून जेमतेम पाव मिलिॲम्पिअर, म्हणजे २५० मायक्रोॲम्पिअर वाहतो. त्यातले १०० गळतीनेच व्यापले असतील आणि खोली १० अंशांनी तापली, तर गळती २००वर जाते आणि सुरासाठी जागाच उरत नाही. लंडनच्या थंडीत जुळवलेलं पेडल मे महिन्यात मुंबईत किंवा नागपुरात फसफसतं ते यामुळे. आपल्याकडे बांधायचं तर गळती कमी असलेलेच ट्रान्झिस्टर निवडावेत आणि पेडल उन्हात किंवा गरम ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नये.

जुळवणी करताना दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर उणे ४.५ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. त्यासाठी ८.२ किलोओहमच्या जागी २० किलोओहमचा ट्रिमपॉट लावून तो फिरवतात. आकडा उणे ६-७कडे गेला असेल तर सूर विझताना तुटक होतो, भिजल्या फटाक्यासारखा फुरफुरून अचानक थांबतो. बाहेर जाणारा सूर कलेक्टरवरून थेट घेतलेला नसतो. तो ८.२ किलोओहम आणि ३३० ओहम यांच्या जोडावरून घेतात, म्हणजे कलेक्टरवरच्या हालचालीचा साधारण २६वा हिस्साच बाहेर पडतो. आवाज बारीक वाटला तर ३३०च्या जागी ४७० ओहम लावतात. एक चूक मात्र ॲडॅप्टरच्या जीवावर बेतते. पीएनपी फझमध्ये धन टोक जमिनीला (ग्राउंडला) असतं, बाकीच्या पेडलमध्ये ऋण. दोन्ही एकाच ॲडॅप्टरवर जोडलं की शॉर्ट होतो. फझला स्वतःची बॅटरी द्यावी.

या पेडलचा आत येण्याचा अवरोध फार कमी असतो, काही किलोओहमच. स्ट्रॅटच्या पिकअपवर ते भार टाकतं, आणि नेमक्या याच गोष्टीवर हेंड्रिक्सच्या वाजवण्याची पुष्कळ मदार आहे. गिटारचं बटण १०वरून ७-८वर आणलं की पॉटचे काही दहा किलोओहम वाटेत येतात, बेसमध्ये जाणारा प्रवाह घटतो आणि गर्जना करणारा आवाज काचेसारखा स्वच्छ होतो. पाय पेडलला न लावता, एका बोटानं. गिटार आणि फझ यांच्यामध्ये बफर (दोन कड्यांचा एकमेकींवरचा भार तोडणारा भाग) असलेलं कुठलंही पेडल घातलं की हा संबंध तुटतो, बटण फिरवूनही नुसता आवाज कमी होतो आणि सूर कर्कश राहतो.

हेंड्रिक्सच्या क्रमात वाह, म्हणजे पायानं सुराचा रंग बदलणारं पेडल, मात्र फझच्या आधी असायची. वाहमध्ये सुमारे ५०० मिलिहेन्रीचं कॉइल आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून एक अनुनाद तयार होतो आणि पायाखालचा पॉट त्याचं शिखर साधारण ४०० ते २२०० हर्ट्झमध्ये सरकवतो. तोंडानं ‘ऊ’वरून ‘आ’वर जाताना घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीत असाच अनुनाद सरकतो, म्हणून कान त्याला बोलणं समजतो. वाह आधी आणि फझ नंतर अशी जोडली की फझ वाहला दाबतो आणि पाय फिरवूनही फरक ऐकू येत नाही. उपाय सोपा आहे. वाहच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवर १० ते ३३ किलोओहमचा एक रेझिस्टर घालायचा, आणि त्यातला किती पुरतो ते ऐकून ठरवायचं.

रॉजर मेयर या ब्रिटिश तंत्रज्ञानं त्याच्यासाठी ऑक्टेव्हिया नावाचा पेडल बनवला. लहरीचा खालचा अर्धा भाग वर उलटवला की एका फेऱ्यात दोन डोंगर होतात, म्हणजे स्वर एक सप्तक वर ऐकू येतो. मानेजवळचा पिकअप आणि बाराव्या पडद्याच्या पुढची जागा, तिथं तो सगळ्यात स्पष्ट वाजतो. खाली वाजवला तर सूर चिरफाळतो. साखळीतल्या युनि-व्हाइब या आणखी एका पेटीत एक छोटा दिवा मंद-प्रखर होतो आणि त्याच्याभोवतीचे चार प्रकाशसंवेदी रेझिस्टर सुराची कला (लहरीची फेऱ्यातली जागा) सरकवतात. त्यांचे चार कपॅसिटर मुद्दाम वेगवेगळ्या मूल्यांचे आहेत, म्हणून त्याची लाट ओबडधोबड, जिवंत वाटते.

शेवटी फीडबॅक. १८ ऑगस्ट १९६९च्या सकाळी वुडस्टॉकला त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, त्यातले लांबलेले सूर तारेत आणि स्पीकरमध्ये फिरत राहिलेले आहेत. स्पीकरचा आवाज हवेतून तारेला हलवतो, पिकअप ते उचलतो, ॲम्प वाढवतो, पुन्हा स्पीकर. फेरी पूर्ण होताना दोन अटी पाळल्या गेल्या तर सूर मरत नाही: वाढ एकपटीपेक्षा कमी नको, आणि परत आलेली लहर तारेच्या हालचालीशी जुळलेली हवी. पहिली अट फझ आणि १०० वॉटचे मार्शल ॲम्प मिळून सहज पाळतात. दुसरी अट पायानं पाळायची असते. २२० हर्ट्झच्या सुराची हवेतली लांबी सुमारे १.५६ मीटर, तिचा अर्धा भाग ७८ सेंटिमीटर. एक पाऊल मागे गेलं की जुळलेली लहर उलटी पडते, तो सूर विझतो आणि त्याच्याच एखाद्या वरच्या स्वरांशाला वाट मिळते. हेंड्रिक्स स्पीकरसमोर वळायचा, सरकायचा, त्यात हा हिशेब अंगात मुरलेला होता.

सूर तारेचा असेल तर तार तळव्यानं झाकल्यावर तो थांबतो. थांबला नाही आणि शिट्टी चालूच राहिली, तर पिकअपच्या गुंडाळीतली बारीक तार सैल आहे. तिच्यासाठी चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचं मेण पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ६० ते ६५ अंशांवर वितळवून पिकअप त्यात बुडवतात, बुडबुडे थांबेपर्यंत. थेट आचेवर मेण पेट घेतं, आणि जास्त तापवलं तर पिकअपचं प्लास्टिक वाकतं.

घरात १०० वॉट लागत नाहीत आणि लावूही नयेत. १०० डेसिबलला कान १५ मिनिटांपेक्षा जास्त देऊ नयेत. ५ वॉटचा ॲम्प पुरतो. गिटार स्पीकरपासून हातभर अंतरावर धरा, ‘जी’ नावाच्या तारेवर सातव्या पडद्याशी एक स्वर दाबा, बटण १०वर न्या आणि थांबा. सूर उठला नाही तर गिटारचं हेडस्टॉक ॲम्पच्या लाकडाला हलकेच टेकवा, लाकडातून कंपन थेट मानेत जातं. एकदा उठला की हळूहळू मागे सरका. कुठल्या तरी जागी मूळ स्वर सुटून वरचं सप्तक वाजू लागतं. तिथं जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.