बर्फाच्या लादीतला पांढरा पट्टा आणि दोनदा वितळलेलं पोलाद

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला बोटी लागल्या की बर्फाच्या लाद्या येतात, क्रशरमध्ये जायच्या आधी एखादी नीट बघा. कडेनं काचेसारखी आरपार आणि मधोमध उभा पांढरा पट्टा, दुधाळ, बारीक बुडबुड्यांचा. बर्फ कारखान्यात पत्र्याचा डबा थंडगार खाऱ्या पाण्यात उभा असतो ना, त्यामुळे डब्यातलं पाणी कडेकडून आत गोठत येतं, आणि गोठताना बर्फ पाण्यातली हवा नि क्षार स्वतःत घेत नाही, पुढे ढकलत राहतो, शेवटी सगळा कचरा मध्ये अडकतो.

पोलादाचंही हेच. साध्या साच्यात ओतलेला मोठा ठोकळा, म्हणजे इनगॉट, बाहेरून आत गोठतो आणि गंधक, फॉस्फरस, कार्बन मधल्या शेवटच्या रसात गोळा होतात, वर आकसल्यामुळे पोकळी राहते ती वेगळी. शिवाय ऑक्साइडचे, सल्फाइडचे बारीक कण अंगभर पसरलेले, डोळ्यांना दिसतही नाहीत.

आता एवढ्याशा कणानं काय होतं? चुलतभावाच्या बोटीचा शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, मागे तुटला, तो मी हातात घेऊन बघितला होता. तुटलेल्या तोंडावर एका बाजूच्या चावीच्या (पाचरीच्या) खाचेपासून सुरू झालेल्या अर्धगोल रेषा, एकामागे एक, ओहोटीला वाळूवर लाटा ठेवून जातात तशा. धातूवाले पण त्यांना बीच मार्क्सच म्हणतात! शाफ्ट फिरतो तसा ताण येतो-जातो आणि भेग खाचेतून थोडी थोडी सरकते, एक दिवस उरलेला भाग एकदम जातो. आतला कडक कण म्हणजे पोलादाच्या पोटातली तशीच खाच, फक्त ती कानस घेऊन गोल करता येत नाही. बोटीच्या शाफ्टला साधं पोलाद चालतं, पण विमानाच्या इंजिनातलं बेअरिंग, टर्बाइनचा रोटर, किंवा आरशासारखं पॉलिश लागणारा प्लास्टिकचा साचा, तिथे हे परवडत नाही.

म्हणून अशा कामाला तयार पोलाद परत वितळवतात, आणि ते मळीतून. स्लॅगला पुस्तकात धातुमळी म्हणतात, आपण ती टाकायची वस्तू समजतो, इथे मात्र तीच भट्टी आणि तीच साबण. पद्धतीचं नाव इलेक्ट्रोस्लॅग रिमेल्टिंग, कारखान्यात नुसतं ईएसआर.

तांब्याचा उभा साचा, त्याच्या भिंतीतून सतत गार पाणी. तळाला वितळलेल्या मळीचा थर आणि वरून पोलादाचा लांब दांडा, तोच इलेक्ट्रोड, टोक मळीत बुडवून लटकवलेला. व्होल्टेज 50च्या आतबाहेर पण करंट 10-12 हजार अँपिअर. सुरुवातीला मळी पेटवायला ठिणगी पाडली तरी नंतर वेल्डिंगसारखा आर्क नसतो, मळीचा विजेला होणारा अडथळा हाच चुलाण, गिझरच्या कॉइलसारखा, फक्त 1700 अंशांच्या वर.

दांड्याच्या टोकावर पोलादाचा पातळ पापुद्रा सुटतो, थेंब होतो, आणि थेंब मळीतून खाली टपकतो कारण पोलाद मळीपेक्षा अडीच-तीन पट जड. मला यातली सगळ्यात आवडती जागा तो पापुद्राच आहे. इतक्या पातळ थरातला कण मळीपासून लांब राहूच शकत नाही, तो तिथेच विरघळतो, गंधकही चुना ओढून घेतो, धुलाईचं बरंचसं काम थेंब पडायच्या आधीच झालेलं असतं. खाली थेंबांचं उथळ तळं साचतं आणि ते तळाकडून वर गोठत जातं, एका वेळी थोडंसंच पातळ, त्यामुळे पांढरा पट्टा जमायला तेवढा वाव मिळत नाही. भिंतीला मळीची पातळ साल चिकटते, म्हणून ठोकळा बाहेर निघतो तो गुळगुळीत. शेवटी पॉवर हळूहळू उतरवतात, नाहीतर डोक्यावर परत खड्डा. अर्धा मीटर जाड इनगॉट तासाला 400-500 किलोच्या चालीनं वाढतो, म्हणजे 3 टनांना सहा-सात तास, घाई केली की तळं खोल होतं आणि सगळंच मुसळ केरात.

याचं पेटंट अमेरिकेत हॉपकिन्सनं 1940मध्ये घेतलं होतं, पण गाडी खरी धावली युक्रेनमधल्या कीव्हच्या पॅटन इन्स्टिट्यूट या वेल्डिंगच्या संस्थेमुळे. तिथे जाड प्लेटा उभ्या जोडताना दिसलं की आर्क विझला तरी गरम मळी वेल्डिंगची तार वितळवतच राहते! त्यातून 1958ला झापोरिझ्झ्याच्या पोलाद कारखान्यात पहिली औद्योगिक भट्टी उभी राहिली. आपल्याकडे हैदराबादच्या मिधानी या सरकारी कंपनीत असं पोलाद तयार होतं.

मळी म्हणजे फ्लोरस्पार नावाचं खनिज, चुना आणि अल्युमिना, म्हणजे अल्युमिनियमचं ऑक्साइड. चुना आपण शिंपल्या भाजून करत आलो, अल्युमिना दापोली-मंडणगडच्या बॉक्साइटमध्ये आहे, तेव्हा दोन नावं तरी घरचीच. पण चुन्याची खोड आपल्याला ठाऊक आहे, हवेतलं पाणी पितो. ओली मळी भट्टीत गेली की पाण्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि या पद्धतीत तो बाहेर निघत नाही, त्यासाठी व्हॅक्यूमची वेगळी भट्टी लागते. दहा लाखांत दोन-तीन भाग एवढा हायड्रोजनही जाड ठोकळ्याला भारी पडतो, थंड झाल्यावर आतल्या आत केसासारख्या भेगा, आणि त्याही कधी कधी काही दिवसांनी.

खाडीकाठच्या एका युनिटमध्ये मी क्वालिटीला होतो. जुलैची रात्रपाळी, पाऊस चार दिवस हटत नव्हता, ओव्हनमध्ये भाजून काढलेल्या मळीच्या पोत्याचं तोंड कोणीतरी उघडंच ठेवलं आणि सकाळी तीच पोरांनी भट्टीत टाकली. ठोकळा दिसायला देखणा. फोर्जिंग झालं, थंड झाला, तिसऱ्या दिवशी आतल्या भेगा शोधणाऱ्या अल्ट्रासोनिकच्या पडद्यावर मधल्या भागात नुसते काटेच काटे, म्हणजे भेगाच भेगा. फोरमन गुहागरचा, त्यानं ते पोतं चाचपून बघितलं नि म्हणाला, "अरे आषाढात पापडाचा डबा तरी असा उघडा टाकतो का रे कोण?"

तो ठोकळा कापून स्क्रॅपमध्ये गेला, तिसऱ्यांदा वितळायला.