.315 रायफलचा ट्रिगर कडक का? एक पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातील धानाच्या बांध्या असोत की यवतमाळकडील तूर-कपाशीची वावरे, गावात कोणाकडे परवान्याची बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने खिटी मागे-पुढे करून काडतूस भरण्याची) रायफल असेल तर ती बहुधा इशापूरच्या कारखान्यातील .315 असते, आणि ती हाताळणाऱ्याची पहिली तक्रार ट्रिगर फार कडक असल्याची असते. ही तक्रार खरी आहे. मात्र त्यावर उपाय शोधण्यापूर्वी हा कडकपणा कोठून आला ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण तो त्या रायफलच्या मूळ रचनेतच आहे.

.315 ची यंत्रणा ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलवरून घेतलेली आहे. बंगालमधील इशापूरचा रायफल कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लष्करी रायफल बनवू लागला. तिचे .303 काडतूस मात्र सामान्य नागरिकाला मिळत नसे, कारण लष्करी बोअरची (नळीच्या आतील व्यासाची) काडतुसे बंडखोरांच्या हाती लागू नयेत असे इंग्रज सरकारचे धोरण होते; 1907 मध्ये .450 बोअरवर आलेली बंदीही त्याच धोरणातून आली. म्हणून नागरी वापरासाठी वेगळे बोअर आले. काडतूस बदलले, पण चापाची, म्हणजे ट्रिगरची, घडण सैनिकाचीच राहिली.

ही घडण दोन टप्प्यांची आहे. चापाच्या वरच्या अंगाला दोन उंचवटे असतात. बोट ओढू लागले की पहिला उंचवटा स्ट्रायकरला (काडतुसावर आघात करणाऱ्या दांड्याला) अडवून धरणारा खटका, म्हणजे सिअर, बराचसा खाली आणतो. मग दुसरा उंचवटा टेकतो, बोटाला स्पष्ट अडसर जाणवतो आणि तेथून पुढचा दाब गोळी सोडतो. ली-एनफिल्डच्याच पुढच्या काळातील नंबर 4 रायफलसाठी पहिल्या टप्प्याला तीन ते चार पौंड आणि दुसऱ्याला पाच ते साडेसहा पौंड, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो, असे लष्करी प्रमाण होते. नळीत काडतूस भरून चिखलातून धावणाऱ्या, थंडीने बोटे बधिर झालेल्या सैनिकाची रायफल अवेळी उडू नये, हा त्यामागचा विचार. तो विचार मला आजही योग्य वाटतो. रात्री माळ्यावर जागल करणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती काही फार वेगळी नसते.

या रचनेत एक उणीव होती, आणि आपल्या हवामानात ती विशेष जाणवते. जुन्या ली-एनफिल्डमध्ये सिअर वरच्या पोलादी भागाला जोडलेला असे, तर चाप खाली ट्रिगर-गार्डवर, म्हणजे चापाभोवतीच्या धातूच्या कड्यावर, बसवलेला असे. या दोहोंमधील अंतर मधल्या दस्त्याच्या लाकडावर अवलंबून राही. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आटते. तसे ते अंतर केसभर बदलते, उंचवटे वेगळ्या जागी टेकतात आणि तीच रायफल कधी जड, तर कधी अनपेक्षितपणे हलकी वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी नंबर 4 च्या सुधारित आवृत्तीत चाप थेट पोलादी भागालाच टांगला आणि हा दोष दूर केला. जुन्या धर्तीच्या रायफलमध्ये ट्रिगर बिघडल्याचा संशय आला, तर आधी लाकडाची बैठक आणि गार्डचे स्क्रू तपासावेत, ते यासाठीच.

स्क्रू फिरवून दाब कमी-जास्त करण्याची कल्पना दुसऱ्या घराण्यातून आली. जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकारी रायफलींना दोन चाप असत: मागचा ओढला की पुढचा अगदी हलका होई, आणि किती हलका व्हावा ते दोहोंमधील बारीक स्क्रू ठरवी. पुढे अमेरिकेत 1936 च्या विंचेस्टर मॉडेल 70 मध्ये दाब आणि गोळी सुटल्यानंतरची चापाची जादा चाल, दोन्ही जुळवता येऊ लागली. 1948 मध्ये रेमिंग्टन कंपनीने माइक वॉकर यांच्या रचनेचा सुटसुटीत ट्रिगर आणला. तो नेमबाजांना अतिशय आवडला, परंतु चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून त्यावर अनेक वर्षे खटले चालले. त्याच्या जागी आलेला ट्रिगरही 2014 मध्ये जोडणीतील दोषामुळे परत मागवावा लागला. सॅव्हेज कंपनीने 2002 च्या सुमारास चापातच एक पाते बसवले. ते दाबल्याशिवाय सिअर सुटत नाही, त्यामुळे हलका दाबही बऱ्याच अंशी सुरक्षित झाला.

.315 च्या ट्रिगरला असा स्क्रू नाही. म्हणूनच सिअर कानशीने घासून तो हलका करण्याचा मोह होतो, आणि तो सर्वांत घातक आहे. सिअरचा पृष्ठभाग मुद्दाम कडक केलेला असतो. तो थर गेला की खालचे मऊ पोलाद झिजत राहते आणि आज ठीक वाटणारी पकड काही महिन्यांनी बोल्ट आपटताच सुटू शकते. शिवाय 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो, तेव्हा हे काम गावच्या लोहाराचे नव्हे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. पिकात शिरणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला (नीलगायीला) मारायचे असले, तरी त्या कायद्याच्या कलम 11 खाली वनविभागाची परवानगी लागते. एरवी रायफल पेटीत असते, निवडणुकीत पोलिस ठाण्यात जमा होते, आणि तेवढ्या काळात आतले तेल गोंदासारखे घट्ट होते. कडक वाटणाऱ्या कित्येक ट्रिगरना परवानाधारक कारागिराकडून जुने तेल काढून घेऊन पातळ तेलाचा हलका हात मिळाला, की दुसरे काही करावे लागत नाही.