फाइल लॉक केली की कुणी पुसू शकत नाही?

‘लिनक्सवर एका प्रोग्रामने फाइल लॉक केली की दुसऱ्याला तिच्यात लिहिता येत नाही, पुसताही येत नाही.’ सांगलीच्या हळद पेढ्यांवर हिशेबाचे संगणक सांभाळणाऱ्यांपर्यंत हा समज पोचलाय. विंडोजवर बऱ्याचदा तसंच घडतं, त्यामुळे तो पटतोही.

लिनक्सचं फ्लॉक, म्हणजे फाइल लॉक करायची सोय, मात्र प्रोग्रामांचा आपसातला करार आहे. लॉक मागणारा प्रोग्राम थांबतो. न मागणारा थेट लिहितो. सक्तीच्या लॉकची जुनी सोय होती, ती २०२१ मध्ये कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ५.१५ आवृत्तीत काढली. फारसं कुणी वापरतही नव्हतं म्हणा.

कर्नेलची स्वतःची कुलपं निराळी. फाइल पुसताना ते आधी फोल्डरला, मग फाइलला कुलूप घालतं आणि काम होताच काढतं. क्रम ठरलेला, नाहीतर दोन प्रोसेस (चालू प्रोग्राम) एकमेकींची वाट बघत अडकतील. तुमचं फ्लॉक ते इथे बघतच नाही. साधारणपणे फोल्डरमध्ये लिहायची परवानगी असली की झालं.

स्वतः तपासा, पण चाचणीच्या फाइलवर. एका टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) फ्लॉक घेऊन ‘स्लीप ६०’, म्हणजे मिनिटभर नुसतं थांबायची आज्ञा, चालवा. दुसऱ्यावरून ‘एको’ने त्याच फाइलमध्ये ओळ घाला: जाते. तिथेही फ्लॉक लावा: आता थांबतं. ते कंट्रोल-सीने तोडून ‘आरएम’ ही पुसायची आज्ञा द्या. मिनिट संपायच्या आत फाइल गेलेली असेल.