गल्लीत कण्हणारा माणूस

1973 साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या तरुणांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसासाठी जो थांबतो, त्याची! जाण्याच्या वाटेवर एक माणूस खोकत, कण्हत बसवला होता. तो प्रयोगाचाच भाग, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं.

‘उशीर झालाय, तिकडे वाट बघतायत,’ असं सांगून ज्यांना पाठवलं, त्यांच्यातल्या 10 टक्क्यांनी मदत केली. ‘अजून वेळ आहे,’ असं ऐकून निघालेल्यांत हे प्रमाण 63 टक्के होतं. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्याच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काहीजण तर त्या माणसाला ओलांडून पुढे गेले. नंतर बोलताना जे उलगडलं ते जास्त महत्त्वाचं. काहींना माणूस दिसला होता, पण इथे आपल्याला काही ठरवायचं आहे, हेच त्या घाईत जाणवलं नव्हतं.

समाज बदलायला निघालेल्या नेत्यांच्या प्रशिक्षणात मूल्यांवर तासन्‌तास व्याख्यानं होतात. या विद्यार्थ्यांकडे मूल्यांची वानवा नव्हती. कमी पडलं ते लक्ष.

अनुभवाने नजर तयार होते, हे खरं. पण तीच नजर अरुंदही होते. 2013 मध्ये मानसशास्त्रज्ञ ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी 24 रेडिओलॉजिस्टना, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, फुप्फुसांच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं. चित्रात त्यांनी गुपचूप एक गोरिला घातला होता, सरासरी गाठीच्या 48 पट मोठा. 20 जणांना तो आढळला नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावरून फिरली होती. ठरलेल्या उद्दिष्टांची यादी घेऊन वस्तीत शिरणाऱ्या कार्यकर्त्याचं वेगळं काही होत असेल, असं मला वाटत नाही.

मग लक्ष देणं शिकवता येतं का? थोडंफार येतं. त्याच 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात आठ आठवडे ध्यानाचा सराव केलेल्यांना प्रतीक्षागृहात बसवलं. कुबड्या घेतलेली एक स्त्री वेदनेने कळवळत आत आली. शेजारच्या खुर्च्यांवरचे, मुद्दाम बसवलेले लोक हलले नाहीत. सराव न केलेल्यांपैकी सुमारे 16 टक्के उठले, सराव केलेल्यांपैकी 50 टक्के. प्रयोग लहान होता, तेव्हा हुरळून जायला नको. मेंदू-संशोधक अमिशी झा यांनी अमेरिकी मरीन सैनिकांवर केलेल्या 2010 च्या अभ्यासात तर आणखी एक मेख निघाली: मोहिमेपूर्वीच्या ताणाच्या काळात ज्यांनी वर्गाबाहेर ध्यानाचा जास्त सराव केला, त्यांचीच कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता, टिकून राहिली. नुसत्या हजेरीचा उपयोग नाही.

माझी शंका मात्र वेगळी आहे. प्रिन्स्टनच्या तरुणांत फरक पडला तो घाईच्या एका वाक्याने, आणि ते वाक्य बोलणारा दुसराच होता. नेत्याला सकाळी श्वासावर लक्ष द्यायला शिकवून दुपारी पाठोपाठ सहा बैठकांना पिटाळलं, तर शिकवलं काय? दोन बैठकांमधला मोकळा अर्धा तास, किंवा अजेंडा बाजूला ठेवून लोकांचं नुसतं ऐकण्याची भेट, या गोष्टी अभ्यासक्रमात नव्हे, वेळापत्रकात लिहाव्या लागतात. आणि वेळापत्रक बहुधा प्रशिक्षणाला न आलेला वरिष्ठ आखतो.