पाय काढल्यानंतरचं मन

शुगरची चिघळलेली जखम, गँगरीन नाहीतर अ‍ॅक्सिडेंट, कारण काहीही असो, पाय काढल्यावर माणसाचं मन पार ढवळून निघतं आणि मग नव्या शरीराशी हळूहळू जमवून घेणं सुरू होतं, त्याला मानसिक समायोजन म्हणतात. खरं तर हा शोकच आहे. पण घरातलं माणूस गेलं तर घर तेरा दिवस बसतं, पायासाठी कोण बसत नाही. उलट सोलापुरात भेटायला येणारा प्रत्येकजण "जीव वाचला की ओ मामा, आता कशाला रडताय" म्हणतो, मनापासूनच म्हणतो, पण त्यानं पेशंटचं तोंड बंद होतं.

दवाखान्यात असेपर्यंत ड्रेसिंग, इंजेक्शन, माणसांची ये-जा यात दिवस निघतो. खरा धक्का घरी बसतो. दारात चपलांचा जोड तसाच असतो, त्यातली एकच आता लागणार. रात्री झोपेत विसरून उठायला जातात आणि पडतात, हे लई जणांचं होतं.

नसलेला पाय दुखतो, त्याच्या बोटांना खाज सुटते, मुंग्या येतात. याला फँटम लिंब म्हणतात, हे नाव १८७१ मध्ये अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी दिलं. हा भास म्हणजे वेड नाही, मेंदूतला पायाचा नकाशा अजून शाबूत असतो म्हणून असं होतं. पण लोक हसतील म्हणून पेशंट सांगतच नाहीत, आणि घरच्यांनी हे आधीच माहीत करून घ्यायला पाहिजे असं मला फार वाटतं. मेंदूचे शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात आरशाचा उपाय काढला, शाबूत पाय आरशात बघत हलवायचा, काहींचं दुखणं त्यानं कमी होतं.

कामाचा प्रश्न मनाला सगळ्यात जास्त खातो. पॉवरलूमवर पाळीभर उभं राहावं लागतं. विडी वळणारी बाई मांडी घालून सूप मांडीवर घेते, एक पाय नसला की सूपच नीट बसत नाही, मग ती बाई नुसती मजुरी गेली म्हणून रडत नसते, रोजची बसायची जागा गेलेली असते.

जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी बनवला. गुडघ्याखालून पाय काढला असेल तर तो लावून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी चालता येतं, म्हणजे सिद्धेश्वरांच्या देवळातसुद्धा. फक्त स्टम्पची, म्हणजे पाय काढल्यावर उरलेल्या भागाची, सूज उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि हेच रिकामे आठवडे सगळ्यात जड जातात. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही असं असेल, किंवा मरणाचे विचार कधीही आले तर लगेच सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्यावं, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा.

या सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो आधी पाय गेलेला माणूस. तो चालत येतो, खाटेवर बसतो, पँट वर करून दाखवतो, आणि मग पेशंट डॉक्टरला कधीच न विचारलेलं विचारायला लागतो, संडासला कसं बसता, रात्री हा पाय काढून ठेवता कुठं.