ग्वाल्हेरचे शून्य

ग्वाल्हेर किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीवर, लक्ष्मण दरवाज्याजवळच्या चतुर्भुज मंदिरातील शिलालेखात कोरलेले शून्याचे अंकचिन्ह. हा लेख विक्रम संवत ९३३ (इ. स. ८७६) मधला आहे. त्यात २७० आणि ५० या संख्यांमधले शून्य आज आपण काढतो तसेच गोल काढलेले आहे. काळ निश्चित ठाऊक असलेल्या भारतीय शिलालेखांतील शून्यांपैकी हे सर्वांत जुने मानले जाते.

मंदिर लहानसे, एकाच खडकातून कोरून काढलेले विष्णुमंदिर आहे. कनौजच्या गुर्जर-प्रतिहार घराण्यातील मिहिरभोजाच्या काळात अल्ल नावाच्या किल्लेदाराने ते बांधवले. अल्लच्या वडिलांचे नाव वाइल्लभट्ट, म्हणून देवाचे नाव वाइल्लभट्टस्वामी. ग्वाल्हेरला लेखात गोपगिरी म्हटले आहे. मंदिरात दोन लेख आहेत. पहिला संवत ९३२ चा, आणि वर्षभराने कोरलेला दुसरा, ज्यात शून्य आहे. जर्मन संस्कृतज्ञ हुल्श यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन्ही लेखांचे वाचन प्रसिद्ध केले.

दुसरा लेख हे सरळसरळ दानपत्र आहे. देवासाठी फुलबाग लावायला नगराने जमीन दिली. तिची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात दीड फुटाचा धरला, तर ही जागा अडीच एकरांहून थोडी अधिक भरते. माळ्यांनी देवाला रोज ५० हार द्यायचे, तेल्यांनी दिव्यासाठी घाण्यामागे ठरलेले तेल द्यायचे, असे त्यात नेमून दिले आहे. शून्याचा विषय निघाला की बोलणे लगेच बौद्धांच्या शून्यवादाकडे आणि उपनिषदांतल्या पूर्णातून पूर्ण काढण्याकडे वळते. ते विचार थोर आहेतच. पण ग्वाल्हेरच्या दगडावर शून्य येते ते बागेच्या मापात आणि हारांच्या मोजणीत. कोरणाऱ्याने त्याचा खुलासाही केलेला नाही. माळ्यातेल्यांना बांधून घेणारा करार ज्या चिन्हाने निर्धास्तपणे लिहिला जातो, ते चिन्ह लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या चांगले सरावाचे झालेले असणार. या लेखाचे खरे मोल याच गोष्टीत आहे. पहिलेपणाचा मान त्यापुढे दुय्यम ठरतो.

हा सराव होण्यापूर्वी संख्या कशा लिहीत, हे पाहायला महाराष्ट्रातच नाणेघाटात जावे. जुन्नरजवळच्या त्या लेण्यातील सातवाहनांचा लेख ग्वाल्हेरच्या लेखापेक्षा सुमारे ९०० वर्षांनी जुना. त्यातही दानेच मोजली आहेत: गायी, घोडे, कार्षापण नावाची नाणी. पण तिथे दहासाठी एक चिन्ह, शंभरासाठी दुसरे, हजारासाठी तिसरे. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला सातचे चिन्ह जोडायचे. या पद्धतीत शून्याची गरजच पडत नाही, मात्र संख्या वाढेल तशी नवी चिन्हे लागत जातात. ग्वाल्हेरच्या लेखात अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. २७० मधला २ दोनशेचा होतो, कारण त्याच्यामागे दोन जागा आहेत. त्यांतली शेवटची जागा रिकामी आहे आणि ते रिकामेपण दाखवायला चिन्ह आहे. ते गाळले तर २७० हातांची बाग २७ हातांवर येते.

‘जगातले सर्वांत जुने शून्य’ असे या लेखाचे वर्णन पुष्कळदा केले जाते. ते बरोबर नाही आणि अभिमानापोटीही तसे म्हणू नये. कंबोडियातील सांबोर येथील लेखात शक ६०५ (इ. स. ६८३) हे वर्ष लिहिताना शून्याच्या जागी ठिपका दिला आहे. पेशावरकडच्या बख्शाली गावी १८८१ मध्ये सापडलेल्या भूर्जपत्रांतही शून्य ठिपक्यानेच दाखवले आहे. २०१७ मध्ये त्यांची कार्बन चाचणी झाली, पण काळाबद्दल एकमत झालेले नाही. रिकाम्या जागेची खूण बॅबिलोनच्या लोकांकडे होती आणि मध्य अमेरिकेतील माया लोकांकडेही होती. शून्याला संख्या मानून त्याची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाल (आजचे राजस्थानातील भीनमाळ) येथे सांगितले. भागाकारात मात्र तो चुकला: शून्याला शून्याने भागले तर शून्य येते, असे त्याने लिहिले. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव देऊन ती अनंत मानली.

‘शून्य’ या शब्दाचा अरबी अनुवाद ‘सिफ्र’. त्याचे लॅटिनमध्ये ‘झेफिरम’ झाले आणि इटलीत त्याचेच ‘झीरो’ झाले. युरोपातील सराफांना हे अंक सहज पचले नाहीत. फ्लॉरेन्सच्या सराफसंघाने १२९९ मध्ये हिशोबाच्या वह्यांत ते वापरायला मनाई केली. रकमा रोमन अंकांत किंवा अक्षरांत लिहाव्यात असे ठरले. चेकवर रक्कम अक्षरी लिहिताना आपण आजही तीच खबरदारी घेतो.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीने १८१० मध्ये ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्याबरोबर मराठी या किल्ल्याखाली कायमची राहायला आली. मराठीत शून्याला ‘पूज्य’ असाही शब्द आहे आणि जुन्या पिढीची उजळणी ‘एकावर पूज्य दहा’ अशीच होती. काही नाही म्हणण्याऐवजी पूज्य म्हणणे हे ‘दिवा मालवला’ न म्हणता ‘दिवा शांत केला’ म्हणण्यासारखे वाटते. परीक्षेत तेच पूज्य मिळाले की त्याचा भोपळा होतो. शेजारच्या हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांकडे ‘सिफर’ आहे, म्हणजे इथून गेलेल्या शब्दाचा अरबी अवतार पुन्हा किल्ल्याखाली येऊन पोचला आहे.

पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने गाडीतून किल्ल्यावर जाणाऱ्यांना हे मंदिर लागत नाही. त्यासाठी पूर्वेच्या दरवाज्याने पायी चढावे लागते. लेखातले शून्य शेजारच्या अंकांपेक्षा आकाराने लहान आहे. आधी २ आणि ७ शोधावेत, मग त्यांच्या उजवीकडे ते दिसते.