शवासन आणि योगनिद्रा, दोन्हीत आडवंच पडायचं ना?

योगा क्लासच्या शेवटी सगळे चटईवर आडवे होतात, टीचर सांगतात पाय सैल सोडा, खांदे सैल सोडा, आणि घरी येऊन लोक सांगतात आज योगनिद्रा झाली. उलट यूट्यूबवर अर्ध्या तासाची योगनिद्रा "शवासन" नावाने फिरत असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं त्यामुळे गल्लत होणारच, पण आत चाललेलं काम बरंच वेगळं आहे.

शवासन हे आसन. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात ते एका श्लोकात उरकलंय, जमिनीवर मढ्यासारखं उताणं पडायचं, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते. बास. पाय थोडे लांब, पावलं बाहेरच्या बाजूला आपोआप कललेली, हात अंगापासून जरा दूर, तळवे वर, कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी. आणि मग खरं अवघड काम सुरू होतं, कारण आता कुणी काही सांगत नाही, मन भाजी, ऑफिस, मुलांची फी करत फिरतं आणि त्याला परत श्वासावर आणायचं काम तुमचं एकट्याचं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीपीच्या पेशंटना शवासन शिकवून १९६९ मध्ये त्यावर पेपर छापला, त्यातली पद्धत पण अशीच साधी, संथ श्वास घ्यायचा आणि नाकपुडीपाशी आत येणारा श्वास गार आणि बाहेर जाणारा कोमट लागतो तेवढंच बघत राहायचं. बऱ्याच जणांना फायदा झाला (म्हणून आपल्या गोळ्या आपणच बंद करायच्या असं मात्र नाही, ते डॉक्टरच ठरवतील).

योगनिद्रेत तुम्ही शवासनातच पडलेले असता पण मन एका आवाजाच्या मागे चालतं. आज जी शिकवतात ती मुख्यतः मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी तंत्रशास्त्रातल्या न्यासावरून बसवलेली. न्यास आपल्याला अनोळखी नाही, पूजेत गुरुजी करन्यास-अंगन्यास करताना एकेका अंगाला हात लावत मंत्र म्हणतात तोच. इथे हात न लावता नुसतं लक्ष फिरवायचं, उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं, तिसरं, करंगळी, तळहात, मनगट, कोपर असं भरभर, एका जागी रेंगाळायचं नाही. त्याआधी मनात एक संकल्प, नंतर जडपणा-हलकेपणा, थंडी-उष्णता अशा जोड्या अनुभवायच्या, पुढे चित्रं डोळ्यांसमोर आणायची, शेवटी परत तोच संकल्प. आणि झोपायचं नाही, आवाज ऐकू येत राहिला पाहिजे. घोरायला लागलात तर ती नुसती झोप झाली, तीही लागतेच शरीराला, पण योगनिद्रा नव्हे.

मग कुठलं करावं? डोकं फारच पळत असेल, गप्प पडलं की उलट धडधड वाढत असेल तर आधी योगनिद्रा, कारण धरायला आवाज असतो. पण रोज फक्त रेकॉर्डिंगवरच भागवू नका असं मला अगदी मनापासून वाटतं, आवाजाशिवाय सावकाश व्हायला शवासनातच शिकता येतं आणि नेमकं तेच आपण कापतो, क्लासला उशीर झाला की पहिली कात्री त्यालाच, दोन मिनिटं पडलं की लगेच चटया गुंडाळायच्या. त्यापेक्षा दोन सूर्यनमस्कार कमी घाला पण शवासनाला निदान पाच-सात मिनिटं ठेवा. योगनिद्रेसाठी वेगळी वेळ काढा, भरपेट जेवणानंतर नको, हमखास डोळा लागतो.

उठताना दोन्हीकडे एकच नियम, ताडकन बसायचं नाही, आधी बोटं हलवायची, कुशीवर वळायचं, हाताचा आधार घेऊन उठायचं. आणि गरोदर असाल तर शेवटच्या महिन्यांत उताणं पडूच नका, डाव्या कुशीवर गुडघ्यांच्या मधे उशी घेऊन दोन्ही तितकंच छान जमतं.